बोलक्या चुका, मुक्या चुका

मागच्या प्रकरणापर्यंत आपण एका सार्वजनिक वाचनालयाची साइट जँगोमध्ये उभी केली. पुस्तकं, लेखक, सभासद आणि देवघेव अशी चार टेबलं झाली, ग्रंथपालांसाठी अ‍ॅडमिनचं पान झालं, पुस्तकांची यादी ब्राउझरमध्ये दिसायला लागली. इथून पुढे ती साइट मोडायला लागेल. त्यात तुमचा दोष नाही आणि जँगोचाही फारसा नाही. लाराव्हेल घ्या, रूबी ऑन रेल्स घ्या, फ्रेमवर्कवर काम करणाऱ्याचा बराचसा दिवस नवं लिहिण्यापेक्षा 'हे का चालत नाही' यातच जातो.

या अडचणींचे मी दोनच प्रकार मानतो. बोलकी चूक फिकट पिवळ्या पट्टीचं लांबलचक पान घेऊन समोर उभी राहते, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत काय बिनसलं ते सांगते. मुकी चूक काहीच बोलत नाही. पान उघडतं, फॉर्म भरला जातो, 'जतन झालं' असा हिरवा संदेशही येतो, आणि सहा महिन्यांनी ग्रंथपाल विचारतात की दंडाचा हिशेब जुळत का नाही. नवशिक्याला पहिलीची भीती वाटते आणि दुसरीची कल्पनाही नसते. म्हणून या प्रकरणात बोलक्या चुका मी भराभर उरकणार आहे. मुक्यांपाशी थांबू.

पिवळं पान वाचण्याची एक रीत आहे, ती आधी अंगवळणी पाडून घ्या. पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असतं. तिथून वर सरकत, तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव पहिल्यांदा जिथे दिसेल तिथे थांबायचं. मधल्या वीस-पंचवीस ओळी जँगोच्या पोटातल्या असतात आणि तिथे दोष असण्याची शक्यता फार कमी. तुमच्या ओळीखाली त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं हेही पाहता येतं. टेम्प्लेट सापडलं नसेल तर जँगोने ते कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधलं याची अख्खी यादी येते. एवढी माहिती समोर असताना चुकीचा मजकूर उचलून थेट गूगलमध्ये किंवा चॅटबॉटमध्ये टाकणारे लोक मला कळत नाहीत. उत्तर बहुतेक वेळा त्याच पानावर असतं.

पहिली गाठ बहुधा 'नो सच टेबल' या तक्रारीशी पडते. मॉडेलमध्ये बदल केला, पण तो डेटाबेसपर्यंत गेलाच नाही. जँगोत हे काम दोन पायऱ्यांत होतं: 'मेकमायग्रेशन्स' ही आज्ञा बदलाची नोंद करणारी फाइल लिहिते, 'मायग्रेट' ती नोंद डेटाबेसवर लागू करते. जुन्या जँगोत ही सोय नव्हती. तेव्हाची 'सिंकडीबी' ही आज्ञा नवं टेबल तयार करायची, पण असलेल्या टेबलात एक कॉलम वाढवायचा तर हातानेच एसक्यूएल लिहावं लागे. अँड्र्यू गॉडविन यांनी त्यासाठी 'साउथ' नावाचं वेगळं साधन लिहिलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी जमवून तेच काम जँगोच्या गाभ्यात आणायला घेतलं आणि सप्टेंबर २०१४ च्या १.७ या आवृत्तीत ते आलं.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की मायग्रेशनच्या फाइली कचरा समजून उडवणारे अजूनही भेटतात. काहीतरी अडकलं की फोल्डर रिकामं करायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. लॅपटॉपवर हे चालून जातं, कारण तिथला डेटाबेसही उडवता येतो. सर्व्हरवर सभासदांच्या खऱ्या नोंदी असतात, आणि तिथल्या डेटाबेसला आठवत असतं की अमुक क्रमांकापर्यंतचे बदल लागू झाले आहेत. फाइली गेल्या की ती आठवण आणि तुमचा कोड यांचा मेळ तुटतो. मायग्रेशन हा कोडचाच भाग आहे, तो गिटमध्ये ठेवायचा. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे बदल केले आणि जँगोने दोन टोकं निघाल्याची तक्रार केली तर 'मेकमायग्रेशन्स'ला 'मर्ज'चा पर्याय द्यायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

याच टप्प्यावर एक निर्णय असा आहे की तो पहिल्या दिवशी घेतला तर पाच मिनिटांचा, आणि वर्षभराने घेतला तर अनेक रात्रींचा. सभासदासाठी जँगोचं तयार यूझर मॉडेल पुरेसं वाटलं तरी स्वतःचं रिकामं यूझर मॉडेल बनवून सेटिंग्जमध्ये त्याचं नाव द्या आणि मगच पहिलं 'मायग्रेट' चालवा. जँगोच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही नव्या प्रकल्पासाठी ही रीत दिलेली आहे. पुढे कधीतरी यूझरनेमऐवजी मोबाइल क्रमांकाने लॉगिन हवं असं वाचनालयाची समिती म्हणणारच, आणि तोवर निम्मी टेबलं त्या यूझर मॉडेलला बांधली गेलेली असतील.

फॉर्मच्या दोन तक्रारी ठरलेल्या. मुखपृष्ठाचं चित्र अपलोड केलं तरी ते पोचतच नाही: फॉर्मच्या टॅगमध्ये 'मल्टिपार्ट' एनकोडिंग लिहायचं राहिलेलं असतं. दुसरी म्हणजे ४०३ आणि सीएसआरएफचा उल्लेख. ही चूक दिसली की काही जण त्या व्ह्यूला सीएसआरएफमधून सूट देऊन मोकळे होतात. असं करू नका. सभासद वाचनालयाच्या साइटवर लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमधल्या एखाद्या लबाड पानाने गुपचूप वाचनालयाच्या पत्त्यावर फॉर्म पाठवला, तर ब्राउझर त्याच्यासोबत सभासदाची कुकीही पाठवू शकतो. विनंती खऱ्या पानावरून आली की परक्या, हे ओळखण्यासाठी जँगो फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन ठेवतं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये तो टॅग नसेल तर ४०३ येणारच. तो रखवालदार आपलं काम करतो आहे.

लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं आणि साइट सर्व्हरवर चढवली की बोलक्या चुकांची दुसरी लाट येते. इथे उपायापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: हे कोण बोलतंय? ब्राउझरमधून निघालेली विनंती आधी एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडे येते, तिथून पायथनचा कोड चालवणाऱ्या गनिकॉर्नकडे, मग जँगोच्या मिडलवेअरमधून यूआरएलच्या यादीकडे, तिथून तुमच्या व्ह्यूकडे आणि मॉडेलमार्फत डेटाबेसकडे. यातला प्रत्येक जण नकार देऊ शकतो. ५०२ आला तर बोलणारा एनजिनएक्स आहे आणि त्याचं म्हणणं असं, की मागे गनिकॉर्न नीट उत्तर देत नाही. अशा वेळी व्ह्यूचा कोड चाळत बसण्यात अर्थ नाही. ४१३ हाही एनजिनएक्सचाच. विनंतीच्या मजकुरावर त्याने मुळात १ मेगाबाइटची मर्यादा ठेवलेली असते आणि मोबाइलवर काढलेला मुखपृष्ठाचा फोटो ती सहज ओलांडतो. जँगोच्या लॉगमध्ये याचा मागमूसही सापडत नाही, कारण विनंती तिथवर पोचलेलीच नसते. सगळ्याच पानांवर ४०० येत असेल तर सेटिंग्जमधल्या 'अलाउड होस्ट्स'च्या यादीत तुमच्या साइटचं नाव नाही. ५०० असेल तर मात्र दोष बहुधा आपल्या कोडमध्ये, आणि ट्रेसबॅक आता पडद्याऐवजी लॉगमध्ये शोधायचा.

'डीबग' बंद केल्याबरोबर साइटची सगळी सजावट नाहीशी होते, हा धक्का जवळपास प्रत्येकाला बसतो. लॅपटॉपवरचा 'रनसर्व्हर' सीएसएस आणि चित्रं स्वतः वाढतो, पण फक्त डीबग चालू असेपर्यंत. खऱ्या सर्व्हरवर 'कलेक्टस्टॅटिक' चालवून त्या फाइली एका जागी आणायच्या आणि त्या वाढण्याचं काम एनजिनएक्सकडे किंवा 'व्हाइटनॉइज' या छोट्या पॅकेजकडे सोपवायचं. एवढा व्याप टाळायला डीबग चालूच ठेवणारे लोक आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं की ते पिवळं पान मग जगात कोणालाही दिसतं. त्यावर फाइलींचे पत्ते असतात, व्हेरिएबलमधल्या किमती असतात, सेटिंग्ज असतात. ज्या सेटिंगच्या नावात 'की', 'सीक्रेट', 'पास', 'टोकन' असे शब्द आहेत त्यांची किंमत जँगो झाकतं. पण पासवर्डसकट डेटाबेसचा अख्खा पत्ता तुम्ही 'डेटाबेस यूआरएल' अशा नावाखाली ठेवला असेल तर तो उघडाच राहतो.

सर्व्हरवर एचटीटीपीएस आलं की आधी नीट चालणारे फॉर्म अचानक ४०३ देऊ लागतात, तेही टोकन जागेवर असताना. ब्राउझर आणि एनजिनएक्स यांच्यात एचटीटीपीएस असतं, पण एनजिनएक्स पुढे गनिकॉर्नशी साध्या एचटीटीपीने बोलतो. डिसेंबर २०२१ मधल्या ४.० पासून जँगो 'ओरिजिन' हेडरही तपासतं. त्यात एचटीटीपीएस दिसतं, विनंती मात्र एचटीटीपीने आलेली दिसते, आणि दोन्ही जुळत नाहीत. मूळ विनंती सुरक्षित होती हे एनजिनएक्सने एका हेडरमधून कळवायचं आणि त्या हेडरवर विश्वास ठेवायला जँगोला सांगायचं, हा खरा इलाज. दुसरा मार्ग 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'चा; त्या यादीत पत्ता लिहिताना सुरुवातीचं 'एचटीटीपीएस'सुद्धा लिहावं लागतं. ४.० पूर्वी ते लागत नसे, त्यामुळे जुन्या लेखांतून उचललेली ओळ इथे चालत नाही.

बोलक्या चुका इथे पुरे.

मुक्या चुकांमधली सर्वांत ओळखीची म्हणजे डेटाबेसकडे नकळत मारलेल्या फेऱ्या. यादीच्या पानावर तुम्ही पुस्तकं मागवता आणि टेम्प्लेटमध्ये प्रत्येक पुस्तकासमोर लेखकाचं नाव लिहिता. कोड वाचायला स्वच्छ असतो. पण पुस्तकं आणताना जँगोने लेखक आणलेले नसतात. टेम्प्लेट जेव्हा पहिल्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव विचारतं तेव्हा एक नवी क्वेरी जाते, दुसऱ्यासाठी आणखी एक. पन्नास पुस्तकांच्या पानाला ५१ क्वेरी लागतात. वाचकाने पन्नास पुस्तकांची चिठ्ठी द्यावी आणि शिपायाने प्रत्येक पुस्तकासाठी माळ्यावर वेगळी खेप घालावी, तसा हा प्रकार. लॅपटॉपवर तो जाणवत नाही, कारण तिथे दहाच पुस्तकं असतात आणि डेटाबेस त्याच यंत्रात असतो. खऱ्या साइटवर डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असेल आणि एका फेरीला दोन मिलिसेकंद लागत असतील, तर हजार पुस्तकांच्या अहवालाचे दोन सेकंद नुसत्या जाण्यायेण्यात जातात.

एका पुस्तकाला एकच लेखक असेल तर 'सिलेक्ट रिलेटेड' वापरा. मग दोन्ही टेबलं जोडून एकाच क्वेरीत सगळं येतं. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतील तर २०१२ मधल्या १.४ पासून असलेलं 'प्रीफेच रिलेटेड' कामाला येतं. ते दुसऱ्या एका क्वेरीत सगळ्या प्रती आणतं आणि जुळणी पायथनमध्ये करतं. इथवर कुठल्याही ट्युटोरियलमध्ये असतं. जिथे चांगले अनुभवी लोकही घसरतात ती जागा पुढे आहे. प्रीफेच करून आणलेल्या प्रतींवर तुम्ही लूपमध्ये 'फिल्टर' लावलं, समजा फक्त उपलब्ध प्रती हव्यात म्हणून, तर आधी आणलेला साठा बाजूला पडतो आणि जँगो पुन्हा प्रत्येक पुस्तकासाठी डेटाबेसकडे जातं. म्हणजे प्रीफेचची फेरी फुकट गेली आणि मूळच्या फेऱ्याही राहिल्याच. गाळणी आधीच, 'प्रीफेच' ऑब्जेक्टमध्ये क्वेरी देऊन लावायची असते. हे डोळ्यांना दिसावं म्हणून 'जँगो डीबग टूलबार' पहिल्या दिवसापासून बसवून ठेवा. प्रत्येक पानाला किती क्वेरी लागल्या तो आकडा पानाच्या कडेला दिसत राहतो, आणि तो पाहायची सवय लागली की अर्धं काम होतं.

पुढचा प्रकार इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण तो इंग्रजी साइटला होतच नाही. आपल्या साइटवर स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांची गावांनुसार पानं करायची आहेत आणि त्यांचे पत्ते वाचता येण्यासारखे हवेत. जँगोचं 'स्लगिफाय' हे फंक्शन शीर्षकातून असा पत्ता बनवतं. त्याला 'कोल्हापूर' दिलं तर उत्तर येतं: काहीच नाही, रिकामी ओळ. मुळात ते फक्त रोमन अक्षरं आणि आकडे ठेवतं. माहितीपुस्तिकेत शोधल्यावर युनिकोडला परवानगी देणारा पर्याय सापडतो, तो चालू करायचा, आणि आता 'कोल्हापूर'चं होतं 'कलहपर'. 'नाशिक'चं 'नशक'. 'पुणे' आणि 'पाणी' या दोघांचंही 'पण'. शहरावरचं पुस्तक उघडायला गेलेला वाचक जलसंधारणाच्या पानावर पोचू शकतो.

दोष असा, की शब्दातलं अक्षर कोणतं हे ओळखायला स्लगिफाय पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या 'शब्दाचं अक्षर' या खुणेवर विसंबतं. पायथनच्या लेखी क, ल, ह ही अक्षरं आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडमध्ये 'मार्क' या वेगळ्या वर्गात मोडतात, म्हणून ती गाळली जातात. जर्मन किंवा रशियन शब्दांना याचा त्रास होत नाही. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली या सगळ्यांना होतो. त्यात भर म्हणजे यूआरएलच्या यादीतला 'स्लग' हा प्रकार फक्त रोमन अक्षरं स्वीकारतो, त्यामुळे देवनागरी स्लग घेऊन कोणी आलं की ४०४.

स्वतःचं छोटं फंक्शन लिहून मार्क वर्गातली चिन्हं राखता येतात, आणि यूआरएलमध्ये 'स्लग'ऐवजी 'स्ट्रिंग' प्रकार लावता येतो. तरीही माझा सल्ला वेगळा आहे. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की त्यातल्या प्रत्येक चिन्हाची टक्केवारीची खूण लावलेली तीन सांकेतिक त्रिकुटं होऊ शकतात. 'कोल्हापूर'मध्ये कानामात्रा धरून नऊ चिन्हं आहेत. त्यांची ८१ रोमन चिन्हं होतात. पत्त्यात आधी नोंदीचा क्रमांक ठेवा, शोध फक्त त्यावर घ्या, आणि मागे शोभेला हवा तो स्लग लावा. स्लग बदलला किंवा मोडला तरी पान सापडतं.

शोधाची पेटी ही मराठी साइटची दुसरी दुखरी जागा. सभासद 'दऱ्या' असा शब्द शोधतो आणि त्या शब्दाचं पुस्तक कपाटात असूनही निकाल शून्य येतो. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी ते वेगळे. ग्रंथपालांचा कळफलक एक रूप टंकतो, सभासदाचा मोबाइल दुसरं. जँगो मजकुरातला हा फरक आपणहून मिटवत नाही. पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी पद्धतीने, नोंद जतन करताना आणि शोधाचा शब्द आल्यावर, दोन्हीकडे चालवायचं. काही जुने कळफलक र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तिसऱ्याच रीतीने ऱ्य काढतात. ते नॉर्मलाइझला कळत नाही, तेवढं बदलणारी एक ओळ आपली आपण लिहावी लागते.

क्रमवारीचंही तेच. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे निव्वळ सांकेतिक क्रमाने लावलेल्या सूचीत 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी जाऊन बसतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून भाषेनुसार क्रम लावणारी आयसीयू कोलेशन आहेत, आणि जँगो ३.२ पासून मॉडेलच्या फील्डलाच कोलेशन सांगता येतं. मायएसक्यूएल वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिथलं 'यूटीएफ८' हे नाव बराच काळ फसवं होतं, कारण त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळत. देवनागरीला तीन पुरतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. एखादा सभासद अभिप्रायात इमोजी टाकतो, त्याला चार लागतात. कडक मोड चालू असेल तर चूक दिसते. तो बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो आणि उरलेला मुकाट जतन होतो. 'यूटीएफ८एमबी४' निवडा, मायएसक्यूएल ८ पासून तेच मूळ मूल्य आहे.

आता वेळ. जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या कचेरीत झाला. २००३ मध्ये तिथले एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन पीएचपी सोडून पायथनकडे वळले. बातमीच्या धंद्यात नवं पान आज सुचलं तर ते आजच्या आज हवं असतं, म्हणून दर वेळी लागणारे भाग त्यांनी वेगळे काढत नेले. जेकब कॅप्लन-मॉस नंतर त्यांना मिळाले, जुलै २००५ मध्ये ते सगळं जगासाठी खुलं झालं आणि त्याला गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचं नाव मिळालं. संपादकांना कोडशिवाय मजकूर भरता यावा म्हणून आलेलं अ‍ॅडमिन जसं त्या कचेरीची खूण आहे, तशी आणखी एक खूण आतमध्ये राहून गेली आहे: सेटिंग्जमध्ये वेळेचा पट्टा दिलाच नाही तर जँगो आजही शिकागोची, म्हणजे लॉरेन्सचीच, वेळ धरतं. नव्या प्रकल्पाच्या फाइलीत 'यूटीसी' असं लिहून मिळतं खरं, पण त्याने भारतातल्या साइटचं काम होत नाही. तिथे 'एशिया/कोलकाता' लिहायचं.

ते लिहूनही एक मुकी चूक उरते. जँगो वेळ साठवतं यूटीसीमध्ये, आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. 'टाइमझोन'मधून 'नाउ' घेऊन त्यावर 'डेट' मागितली तर तारीख यूटीसीची मिळते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालची असते. त्या वेळेत सभासदाने ऑनलाइन मुदतवाढ घेतली की मुदत एक दिवस कमी धरली जाते आणि पुढे दंड एका दिवसाने जास्त. दिवसा कितीही वेळा तपासा, ही चूक सापडत नाही. 'लोकलडेट' वापरलं की मिटते. मायएसक्यूएलवर तारखेनुसार गाळणी लावल्यावर निकाल रिकामाच येत असेल, तर त्या सर्व्हरवर वेळेच्या पट्ट्यांची टेबलं भरलेली नाहीत असं समजा.

याच कुळातली आणखी एक. मॉडेलमध्ये नोंदीच्या वेळेचं मूळ मूल्य देताना 'नाउ'पुढे कंस टाकला, तर ते फंक्शन सर्व्हर सुरू होताना एकदाच चालतं आणि पुढच्या सगळ्या नोंदींवर तीच वेळ पडत राहते. कंस न देता नुसतं फंक्शनचं नाव द्यायचं. जँगो याबद्दल सुरुवातीला इशारा देतं, पण साइट चालू असते म्हणून तो इशारा वाचतं कोण.

शेवटची मुकी चूक दोन खिडक्यांवर एकाच क्षणी घडते. पुस्तकाची एकच प्रत उरली आहे. पहिल्या खिडकीवरच्या व्ह्यूने शिल्लक वाचली, १. दुसरीनेही वाचली, १. दोघांनी त्यातून एक वजा करून शून्य लिहिलं. दोन सभासदांना पुस्तक दिल्याची नोंद झाली, कपाटात मात्र एकच होतं. शिल्लक पायथनमध्ये वाचून, वजा करून, परत लिहिणं हाच घोटाळ्याचा उगम आहे. वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगा. त्यासाठी जँगोत 'एफ' एक्स्प्रेशन आहे. निर्णय गुंतागुंतीचा असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये 'सिलेक्ट फॉर अपडेट' लावून ती ओळ काम होईपर्यंत अडवून ठेवा. शिवाय शिल्लक शून्याखाली जाऊ नये अशी अट डेटाबेसवरच घाला, २.२ पासून ती मॉडेलमध्ये लिहिता येते; मग दुसऱ्या खिडकीला निदान चूक तरी दिसेल. एक सावधगिरी: जँगो सुरुवातीला जो एसक्यूलाइट डेटाबेस देतं, त्यावर 'सिलेक्ट फॉर अपडेट'चा काहीच परिणाम होत नाही आणि तसं सांगितलंही जात नाही. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस अशी विभागणी मी म्हणूनच करू देत नाही. दोन्हीकडे एकच डेटाबेस असावा.

बोलक्या चुकांसाठी वेगळी चाचणी लिहिली नाही तरी त्या स्वतः येऊन सांगतात. तुमच्याकडे चाचण्या लिहायला एकच संध्याकाळ असेल तर ती मुक्यांवर खर्च करा. 'पुणे' आणि 'पाणी' यांचे पत्ते वेगळे निघतात का. पहाटे दोन वाजता घेतलेल्या मुदतवाढीची तारीख बरोबर येते का. ऱ च्या दोन्ही रूपांनी एकच पुस्तक सापडतं का. पुस्तकं दहावरून शंभर केली तरी यादीच्या पानाच्या क्वेरी तेवढ्याच राहतात का. शेवटच्या प्रश्नासाठी जँगोच्या चाचणीसंचात 'असर्ट नम क्वेरीज' तयार आहे. साइट चढवण्याआधी 'चेक' ही आज्ञा 'डिप्लॉय'च्या पर्यायासह चालवा. डीबग चालू राहिला असेल किंवा कुकी असुरक्षित असेल तर ती सांगते.

नवी साइट सुरू करताना आवृत्ती निवडायची झाली तर दीर्घ मुदतीची घ्या. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पुढच्या आवृत्तीत काय काढून टाकलं जाणार आहे याचे इशारे पायथन एरवी बरेचसे लपवून ठेवतो, ते दिसावेत म्हणून चाचण्या चालवताना पायथनला 'डब्ल्यू-ए' हा पर्याय द्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला एप्रिल २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.